नैतिकता समितीवर नजर कोणाची?

नवी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउस नावाची वास्तू आहे. तेथे पूर्वी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे कार्यालय होते. आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ भरते. कारखान्याच्या सांडपाण्याने विहीर नासली, तर २०१० च्या कायद्यानुसार बाधित शेतकऱ्याला या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रातील असेल तर पुण्याच्या पीठापुढे. सुनावणी उघडपणे होते आणि निकाल कारणांसह प्रसिद्ध होतो. वैद्यकीय संशोधनासाठी स्वतःचे शरीर देणाऱ्या माणसासाठी मात्र असे खास, सर्वांना खुले दार या देशात नाही.

आफ्रिकी देशांतील वैद्यकीय चाचण्यांवरची नैतिक देखरेख बळकट करावी, अशी चर्चा जागतिक आरोग्यवर्तुळात अनेक वर्षे चालू आहे. आपले विज्ञानवाचक ती बहुधा दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून वाचतात. १९९६ मध्ये नायजेरियातील कानो शहरात मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीने ‘ट्रोव्हान’ या औषधाची चाचणी २०० मुलांवर घेतली. त्यांतील ११ मुले दगावली. ५ नव्या औषधाच्या गटातील, ६ तुलनेच्या गटातील. औषधाने मुले दगावली, हा आरोप कंपनीने कधीच मान्य केला नाही आणि २००९ मध्ये कानो राज्याशी तडजोड केली. पण त्या प्रकरणात सर्वांत बोलका होता तो एक कागद. चाचणीला नैतिक मान्यता दिल्याचे पत्र मागाहून, मागची तारीख घालून तयार केलेले निघाले. त्या रुग्णालयात तेव्हा नैतिकता समितीच नव्हती.

आपल्याकडे समित्या होत्या. तरीही काय घडले, ते पाहण्यासाठी कानोला जाण्याचे कारण नाही. धाराशिव पुरे आहे.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह. तीन गटांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाणू-चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू नोंदले गेले होते. तपासणी न झालेल्या गटात ६४.

मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून चाललेल्या अशाच अभ्यासात सुमारे ७६ हजार स्त्रिया तपासणीविना ठेवलेल्या गटात होत्या. पॅप तपासणीचा उपयोग जगाला कित्येक दशके ठाऊक असताना असा गट ठेवावा का, यावर पुढे तीव्र वाद झाला. संशोधकांचा युक्तिवाद मला क्षुल्लक वाटत नाही. जिल्ह्यात तपासणीची कोणतीच सोय नव्हती, पॅप चाचणी देशभर राबवणे आवाक्याबाहेरचे होते, आणि व्हिनेगरसारखे द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी करायची स्वस्त तपासणी जीव वाचवते, याचा भक्कम पुरावा तुलनेशिवाय मिळाला नसता. आज तीच तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. दुसरी बाजू विचारते की, जिल्ह्यात सोय नाही हे शासनाचे अपयश. त्यालाच ‘प्रचलित उपचार’ मानून त्यावर अभ्यासाची उभारणी कशी करता?

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण त्याहून मला खटकते ते हे की, हा वाद मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात झडला तो २०१३-१४ मध्ये, म्हणजे अभ्यास सुरू झाल्यानंतर दीड दशकाने. मान्यता देताना समितीत कोणते आक्षेप निघाले, ते कसे निकाली काढले, हे त्या स्त्रियांना कधी कळले नाही, आपल्यालाही नाही. मुंबईच्या अभ्यासाबाबतची तक्रार एका अमेरिकी डॉक्टरने केली आणि तिची दखलही अमेरिकेतच घेतली गेली, कारण पैसा तेथील सरकारचा होता. स्त्रियांना पुरेशी माहिती देऊन संमती घेतली गेली नव्हती, असे तेथील कार्यालयाने ठरवले. निधी भारतीय असता, तर ही तक्रार कोणी ऐकली असती?

नियम सुधारले आहेत, हे मान्य केले पाहिजे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०१३ मध्ये भरपाईचे व नैतिकता समित्यांच्या सक्तीच्या नोंदणीचे नियम आले. २०१९ च्या नियमावलीनुसार समितीत किमान ७ सदस्य हवेत, निम्मे संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचा हवा. परंतु समिती बसते संस्थेतच. तिचे कार्यालय, कर्मचारी, खर्च सारे संस्थेचे, आणि चाचण्यांतून उत्पन्नही संस्थेलाच. चाचणीत कोणी दगावले, तर अहवालांची ये-जा संशोधक, प्रायोजक, समिती आणि औषध नियंत्रक यांच्यात होते. ज्याचे माणूस गेले, तो या पत्रव्यवहाराच्या बाहेर उभा असतो.

मग हे दार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेत उघडावे काय? नाही. ही परिषद स्वतः संशोधन करते. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा येथील मुलींवरच्या एचपीव्ही लस प्रकल्पात ती भागीदार होती. खम्ममला वसतिगृहातील कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये परिषदेच्या या दुहेरी भूमिकेवर कठोर टीका केली होती.

येथे आफ्रिकेकडे पुन्हा पाहावे, या वेळी शिकण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेच्या २००३ च्या आरोग्य कायद्याने राष्ट्रीय आरोग्य संशोधन नैतिकता परिषद स्थापन केली. ती समित्यांची नोंदणी करते, आणि समित्यांच्या कामकाजाविषयीच्या तक्रारींवर निवाडा देणे हेही तिचे काम आहे. त्या परिषदेचा व्यवहार निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. पण समितीविरुद्ध तक्रार होऊ शकते, ही कल्पना तेथे कायद्यात आहे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद भारताच्या चाचणी-नोंदवहीत करणे सक्तीचे आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आपल्या शहरातील एखादी चाचणी उघडा. समितीचे नाव आणि मान्यता मिळाल्याची नोंद दिसेल. मान्यता का मिळाली, याबद्दल एक ओळही सापडणार नाही. या रकान्यात कारणे लिहिण्याची सक्ती करायला नवी इमारत लागत नाही की नवा कायदा. नियमावलीत दुरुस्ती पुरेशी आहे. कंपनीचे व्यापारी गुपित आणि रुग्णाची ओळख वगळून ती सहज लिहिता येतील. विलंब वाढेल, संशोधन परदेशी जाईल, ही भीती २०१३ मध्येही घातली गेली होती. तक्रारीसाठी स्वतंत्र, अर्धन्यायिक पीठ मात्र कायद्यानेच उभे करावे लागेल, आणि ते संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या कोणत्याही खात्याच्या छपराखाली असता कामा नये.