चाल कोणाची?

परवा पंढरपुराहून परतलेल्या पाहुण्यांसह आमच्या करकंबच्या घरी सर्वांनी मिळून 1947 सालचा 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट पाहिला. निर्मिती राजकमलची, लेखन माडगूळकरांचे, संगीत वसंत देसायांचे आणि रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार. कवी आपल्याच सोलापूरचा. तेव्हा वडीलधाऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत कोणी जागचे हलले नाही, ह्यात नवल ते काय!

बोलपट संपताच धाकट्या सूनबाईंनी विचारले, "मामंजी, ही चाल रामजोशांचीच ना?"

प्रश्न साधा, पण मी निरुत्तर झालो. नातवंडांस ती 'रामजोशांची चाल' म्हणून मीच शिकविली होती. वस्तुतः रामजोशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निवर्तले. त्यांची कवने वह्यांतून आणि गाणाऱ्यांच्या कंठांतून आपणांपर्यंत आली. स्वर साठविण्याचे यंत्र त्या काळी कोठले? आता ऐकलेल्या स्वरांत रामजोशी किती आणि देसाई किती, हे केवळ कानाने ठरवावे कसे?

पाश्चात्त्यांकडे उलट प्रकार. मोझार्टवरील 'आमादेउस' (1984) ह्या चित्रपटात सालिएरीच्या वैराची कथा बहुतांशी कल्पित. संगीत मात्र मोझार्टने स्वहस्ते लिहून ठेविलेले. तेथे चरित्र सैल, स्वर पक्के!

'बालगंधर्व' (2011) चित्रपटासाठी आनंद भाटे गायिले, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रिका घरोघर होत्या. श्रोत्यास ताडून पाहता आले. 'मी वसंतराव' (2022) मध्ये तर नातू राहुल देशपांडे ह्यांनीच आजोबांची भूमिका केली आणि गायनही केले. दोन्ही चित्रपट मला आवडले. परंतु दोहोंचे नायक गवई. 'मानापमाना'च्या (1911) चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, 'स्वयंवरा'च्या (1916) भास्करबुवा बखल्यांनी, तरी घरात पद निघाले की आपण म्हणतो, "बालगंधर्वांचे गाणे लावा." मीही तेच म्हणतो.

असो. इतका वेळ जपमाळ ओढीत बसलेल्या आमच्या नव्वदीच्या आत्याबाई एकाएकी म्हणाल्या, "जत्रेत मी ऐकली ती चाल ही नव्हे." लहानपणी, घरच्यांची नजर चुकवून, तंबूच्या कनातीआडून ऐकलेली! घर क्षणभर स्तब्ध झाले. मग कापऱ्या आवाजात त्यांनी दोन ओळी गुणगुणल्या. तिसरी आठवेना. सूनबाईंनी तेवढ्या दोन फोनवर मुद्रित करून घेतल्या आहेत. तिसरीसाठी रोज दुपारी त्या आत्याबाईंच्या उशाशी जाऊन बसतात.