पडद्यावरचा न्याय, पडद्यामागचे मौन

मल्याळी चित्रपटाला आपल्या देशात एक वेगळी प्रतिष्ठा आहे. १९६५ सालच्या ‘चेम्मीन’ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले, २०२१ साली ‘द ग्रेट इंडियन किचन’ने गृहिणीच्या स्वयंपाकघरातील मूक गुलामगिरी साऱ्या देशापुढे मांडली. स्त्रीच्या दुःखाची इतकी जाण असलेला हा व्यवसाय आपल्याच आवारातील स्त्रियांशी कसा वागतो, याचे उत्तर न्यायमूर्ती हेमा समितीच्या अहवालाने दिले आहे आणि ते लाजिरवाणे आहे.

या प्रकरणाचा आरंभ फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. कोचीजवळ एका नामवंत अभिनेत्रीचे अपहरण करून धावत्या मोटारीत तिच्यावर अत्याचार करण्यात आला. चित्रपटातील स्त्रियांनी संघटित होऊन मागणी केल्यावर राज्य सरकारने त्याच वर्षी न्यायमूर्ती के. हेमा, अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी यांची समिती नेमली. समितीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल सादर केला. तो जनतेपुढे आला १९ ऑगस्ट २०२४ रोजी, आणि तोही काही भाग गाळून! साडेचार वर्षे हा दस्तऐवज सरकारी कपाटात पडून राहिला. साक्षीदार स्त्रियांची नावे गुप्त राखणे आवश्यकच होते. परंतु नावे झाकणे आणि निष्कर्ष दडपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे स्त्रीला संरक्षण मिळते, दुसरीमुळे पुरुषाला.

अहवालात काय आहे? काम हवे असेल तर ‘अ‍ॅडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रमाइज’ करावे लागेल, असे नवोदित मुलींना उघड सांगितले जाते. चित्रीकरणस्थळी शौचालये नसल्याने स्त्रिया तासन्‌तास पाणी पिणे टाळतात. मूठभर बलाढ्य पुरुषांचा गट कोणाला काम मिळावे व कोणाला मिळू नये, हे ठरवितो. येथेच या मौनाचे मर्म आहे. या धंद्यात कामे बहुधा तोंडी शब्दावर मिळतात आणि भांडवल नटाच्या नावावर उभे राहते. त्यामुळे बहिष्काराचा हुकूम कोठेही लिहावा लागत नाही. नकार देणाऱ्या स्त्रीचा दूरध्वनी वाजेनासा होतो, इतकेच.

कलावंतांच्या संघटनेचे नाव ‘अम्मा’, म्हणजे आई. या आईने काय केले? अत्याचाराच्या कटाचा आरोप असलेले अभिनेते दिलीप यांना २०१७ मध्ये अटक झाल्यावर संघटनेने काढून टाकले आणि जून २०१८ मध्ये, खटला उभा असतानाच, त्यांना परत घेण्याचे ठरविले. पीडित अभिनेत्रीसह चौघींनी राजीनामे दिले. पुढे ८ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने दिलीप यांची कटाच्या आरोपातून मुक्तता केली व अन्य सहा जणांना दोषी ठरविले. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे तत्त्व कोणाही सुजाण माणसाला मान्यच असले पाहिजे. परंतु निर्णय लागेपर्यंत तटस्थ राहणे वेगळे आणि आरोपीसाठी दार उघडून तक्रारदार स्त्रीला बाहेरची वाट दाखविणे वेगळे. न्यायालयाच्या निकालाने संघटनेच्या त्या वेळच्या वर्तनाचे समर्थन होत नाही.

एखाद्या शाळेत शिक्षकाविरुद्ध वा कचेरीत कारकुनाविरुद्ध अशी तक्रार आली, तर चौकशी होते. प्रसंगी निलंबनही होते. १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने ही यंत्रणा उभी केली. चित्रपटनिर्मितीच्या जागी मात्र तक्रार समिती हवी, हे सांगण्यासाठी २०२२ साली केरळ उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ज्यांच्याकडे कीर्ती व पैसा अधिक, त्यांनाच कायद्याची सूट अधिक, असा हा उफराटा न्याय आहे.

अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आरोपांची रांग लागली आणि २७ ऑगस्ट २०२४ रोजी अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह ‘अम्मा’ची सारी कार्यकारिणी पायउतार झाली. परंतु समितीपुढील जबान्यांवरून नोंदविलेल्या तीसहून अधिक गुन्ह्यांचा तपास, साक्ष द्यायला स्त्रिया पुढे येत नाहीत म्हणून २०२५ मध्ये थांबला. बंद खोलीत बोललेल्या स्त्रिया पोलिसांपुढे गप्प झाल्या, याचा अर्थ त्या खोटे बोलल्या असा नव्हे. बोलल्यानंतर उद्या काम कोण देणार, याचे उत्तर त्यांना कोणीच दिले नाही, हा त्याचा अर्थ.

हे पाहून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. हंसा वाडकर यांनी १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात मराठी पडद्यामागचे जग निर्भीडपणे सांगितले. त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट निघाला आणि गाजला. आपण पुस्तकाचे कौतुक केले, चित्रपटाचे कौतुक केले. त्या जगाची चौकशी मात्र कोणी मागितली नाही. केरळने ती निदान केली.

लेखी करार, स्वतंत्र तक्रार समिती आणि साक्षीदार स्त्रीच्या रोजगाराला संरक्षण, या गोष्टी निधीवाचून अडलेल्या नाहीत. त्या इच्छेवाचून अडल्या आहेत. ही इच्छा निर्माण करणे प्रेक्षकाच्याही हाती आहे. नायकाने खलनायकाला चोपल्यावर टाळ्या वाजविणारा प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन बाहेर पडतो. ते पैसे कोणाचे बळ वाढवितात, हेही त्याने कधी तरी विचारले पाहिजे.