'एक्स' मातृवंशाचे राजकारण : हाडे आदिवासींची, मग वारस कोण?

२८ जुलै १९९६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेविक शहराजवळ कोलंबिया नदीच्या पात्रात दोन तरुणांना एक कवटी सापडली. पुढे शोधाशोध केल्यावर जवळजवळ पूर्ण सांगाडाच हाती आला. वय निघाले सुमारे साडेआठ ते नऊ हजार वर्षे. त्या परिसरातल्या उमाटिला, याकामा, नेझ पर्स, वानापम आणि कोलविल या आदिवासी जमातींनी सांगितले : हा आमचा पूर्वज आहे, त्याला आमच्या रीतीने पुन्हा मातीत जाऊ द्या.

पण कवटी प्रथम तपासणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाला तिची ठेवण 'कॉकेसॉइड' वाटली. झाले! वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ 'गोरा माणूस' असा लावला. आदिवासींच्या आधी इथे गोरेच होते, अशी चर्चा सुरू झाली. आठ शास्त्रज्ञ न्यायालयात गेले. प्राचीन युरोपीय देवांना भजणारा एक गोऱ्यांचा पंथही 'हा आमचाच पूर्वज' म्हणत न्यायालयात उभा राहिला. २००४ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की या सांगाड्याचे आजच्या जमातींशी नाते सिद्ध होत नाही. पूर्वज संग्रहालयाच्या कपाटात राहिला आणि वारस दाराबाहेर.

याच काळात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती आणखी एक कोलीत लागले. त्याचे नाव 'एक्स' मातृवंश.

आधी विज्ञान नीट समजून घेऊ, कारण अर्धवट विज्ञान हे अंधश्रद्धेपेक्षा जास्त घातक असते. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे घटक असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. मुलगा तो घेतो, पण पुढे देत नाही. हजारो वर्षांत त्यात अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या लेकींमध्ये टिकून राहतो. असे समान बदल असणाऱ्यांचा एक मातृवंश, म्हणजे हॅप्लोग्रुप, मानला जातो.

'एक्स' हा त्यांतला दुर्मीळ वंश. युरोपात तो शंभरात साधारण दोघांत सापडतो. पश्चिम आशिया, कॉकेशस आणि उत्तर आफ्रिकेत आढळतो. इस्रायलच्या गॅलिली भागातल्या द्रूझ समाजात त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. आणि मग थेट उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे, सू, नू-चा-नुल्थ, नवाहो, याकामा अशा आदिवासी जमातींमध्ये! मधल्या सायबेरियात मात्र जवळपास नाहीच. अमेरिकन आदिवासींचे बाकीचे चार मुख्य मातृवंश ए, बी, सी आणि डी. त्यांचे नाते आशियाशी उघड दिसते. हा पाचवाच तेवढा कोड्यात टाकणारा.

१९९८ साली शास्त्रज्ञांनी हे कोडे मांडले, तेव्हा तो प्रामाणिक प्रश्न होता. उत्तर मात्र अनेकांकडे आधीच तयार होते. काहींनी सांगितले, हिमयुगात फ्रान्स-स्पेनमधले सोल्युत्रियन लोक अटलांटिकच्या बर्फाच्या कडेकडेने अमेरिकेत पोचले. डेनिस स्टॅनफर्ड आणि ब्रूस ब्रॅडली या पुरातत्त्वज्ञांनी २०१२ मध्ये यावर मोठा ग्रंथच लिहिला. त्यांचा मुख्य आधार दगडी हत्यारांच्या साम्याचा, पण 'एक्स' त्याला जोड म्हणून आला. मॉर्मन पंथाच्या काही समर्थकांनी सांगितले, आमच्या धर्मग्रंथात जेरुसलेमहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबाची कथा आहे, तिचा हा पुरावा. एक वंश आणि दावेदार अनेक! ज्यांच्या रक्तात तो वंश आहे त्या ओजिब्वे बाईला मात्र कोणीही विचारले नाही.

पुरावे काय सांगतात? पहिली गोष्ट, 'एक्स' वंशाला अनेक फांद्या आहेत. अमेरिकेत सापडते ती मुख्य फांदी म्हणजे एक्स-टू-ए. ती युरोपात नाही, पश्चिम आशियातही नाही. २००३ साली जगभरच्या नमुन्यांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात दिसले की ही फांदी बाकीच्यांपासून फार पूर्वीच वेगळी झाली आहे. अल्ताई भागात सापडणारी 'एक्स'ची फांदीही वेगळी आणि अलीकडे तिथे पोचलेली, म्हणून तीही अमेरिकन फांदीची आई नव्हे. दुसरी गोष्ट, मॉर्मन कथेतला प्रवास इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचा, आणि एक्स-टू-ए त्याच्या हजारो वर्षे आधीपासून अमेरिकेत आहे. तिसरी गोष्ट, युरोपातून माणसे आली असती तर फक्त एकच दुर्मीळ वंश घेऊन आली असती का? युरोपातले सर्रास आढळणारे वंश कुठे गेले? कोलंबसपूर्व अमेरिकेत त्यांचा मागमूस नाही. चौथी गोष्ट, सायबेरियातल्या माल्टा येथील सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या मुलाच्या जनुकांवरून कळले की पश्चिमेकडच्या लोकांशी नाते असलेली माणसे तेव्हा सायबेरियातच राहत होती, आणि अमेरिकन आदिवासींच्या पूर्वजांत त्यांचाही वाटा आहे. म्हणजे पश्चिमेकडचा धागा अमेरिकेत जायला अटलांटिक ओलांडण्याची गरजच नव्हती. तो आशियातूनच जाऊ शकत होता.

आणि मग २०१५ उजाडले. केनेविकच्या पूर्वजाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो आजच्या जगातल्या कोणाच्याही तुलनेत अमेरिकन आदिवासींनाच जवळचा निघाला. आणि त्याचा मातृवंश कोणता? एक्स-टू-ए! तोही त्या फांदीच्या बुडाजवळचा. सापडला कुठे, तर पॅसिफिकच्या बाजूला, अटलांटिकपासून हजारो किलोमीटर दूर. ज्या वंशाला 'गोऱ्यांचा पुरावा' म्हणून नाचवले, तो वंश त्याच आदिवासी पूर्वजाच्या हाडांतून निघाला. २०१६ च्या अखेरीस कायदा झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये पाचही जमातींनी मिळून आपल्या पूर्वजाला मातीत दिले. वीस वर्षांनी!

कोणी म्हणेल, हे तर विज्ञानाचे यश. आहेच. पण आम्ही विचारतो, उत्तर उलट आले असते तर? त्या सांगाड्यात युरोपीय जनुके निघाली असती तर त्या जमातींचा नदीवरचा, जमिनीवरचा, मासेमारीवरचा हक्क कमी झाला असता का? १८३० साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आदिवासींना हुसकावण्याच्या धोरणाचे समर्थन करताना हाच युक्तिवाद केला होता : इथली मोठमोठी मातीची स्मारके कुठल्याशा नष्ट झालेल्या थोर वंशाची आहेत, आणि त्या वंशाची जागा आजच्या आदिवासींनी घेतली आहे. म्हणजे आम्ही यांना हटवले तर बिघडले कुठे? ती स्मारके आदिवासींच्याच पूर्वजांनी बांधली, हे १८९४ च्या सरकारी अहवालाने मान्य केले. तोवर चेरोकींच्या वाट्याला अश्रूंचा मार्ग येऊन गेला होता. हजारो माणसे वाटेत मेली.

म्हणून वंशाचा दाखला मागणे हा साधा प्रश्न नसतो. ज्याने लुटले त्याच्याकडे कोणी दाखला मागत नाही. जो लुटला गेला त्यानेच तो आणायचा. वर त्याचे रक्तही त्याला न विचारता वापरायचे. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिले. ते त्यांना न सांगता इतर अभ्यासांसाठी वापरले गेले, त्यात त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराचा अभ्यासही होता. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे घेणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनी हे प्रकरण पाठ करून ठेवले पाहिजे. रक्त देणाऱ्याला त्याचे काय होणार हे विचारण्याचा हक्क आहे.

आता आपल्या घरात डोकावू. कटू आहे, पण बोलावे लागेल. २००१ साली आंध्रातल्या जातींवर झालेल्या एका जनुकीय अभ्यासाच्या आधारे आपल्यातलेच काही लोक व्यासपीठावरून सांगतात की डीएनएने सिद्ध झाले, ते परके आणि आपण मूळनिवासी. टाळ्या पडतात. समोरच्या छावणीत त्याच उत्साहाने सांगतात की सगळे इथलेच, कोणी कुठून आले नाही. दोघांचाही खेळ एकच : हक्क रक्तावर मोजायचा.

बाबासाहेबांनी हा खेळ नाकारला होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ वंशात नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात दाखवले, आणि त्यासाठी स्त्रीवर लादलेल्या सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांवर बोट ठेवले. १९३६ मध्ये त्यांनी सांगितले की वंशांची सरमिसळ आधी झाली, जाती नंतर आल्या. १९४६ आणि १९४८ च्या ग्रंथांत त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांत आणि अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा दावा खोडून काढला. २०१३ च्या जनुकीय अभ्यासातही दिसले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात मोठी सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती आटत गेली. मिसळ आधी, कुंपण नंतर. बाबासाहेबांना त्यासाठी डीएनएच्या यंत्राची गरज पडली नव्हती.

गणितही साधे आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर वंशवृक्षात तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात. मातृवंश त्यांतल्या एकीचीच गोष्ट सांगतो. उरलेल्या १,०२३ गप्प असतात. त्या एकीच्या जोरावर कोणी मालक ठरत नाही आणि कोणी परका ठरत नाही.

आम्हाला समता हवी आहे ती आम्ही आधी आलो म्हणून नाही. माणूस आहोत म्हणून हवी आहे. उद्या एखादी प्रयोगशाळा म्हणाली की आमचीही पणजी दूरदेशीहून आली होती, तरी आमच्या वस्तीतल्या पाण्याचा, शिक्षणाचा, जमिनीचा हक्क तसूभरही कमी होत नाही. केनेविकच्या पूर्वजाला मातीत जायला वीस वर्षे लागली, कारण हक्काचा प्रश्न हाडांना विचारला गेला. तो प्रश्न संविधानाला विचारायचा असतो. आपण तरी ती चूक करू नये.

जय भीम!