आधी हातात तराजू, मग पडद्यावर

फेब्रुवारी २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. या प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असतात. पहिली-दुसरीच्या मुलाच्या वाट्याला मात्र अनेक शाळांत येतो तो वर्गातला स्मार्ट टीव्ही आणि त्यावरचा ‘प्रयोग’. त्याने काम भागते का?

या प्रश्नाचे एक नेमके उत्तर सायप्रसमधून आले आहे. तिथल्या झकारिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना खरा तराजू दिला, काहींना संगणकावरचा. तराजू काय करतो याची बरोबर कल्पना ज्यांना आधीच होती, ती मुले दोन्हीकडे सारखीच शिकली. पण ज्यांची कल्पना चुकीची होती, त्यांना खरा तराजू हाताळल्याशिवाय जड-हलक्याचा उलगडा झाला नाही. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याच मुलाला पडदा अपुरा पडला.

यात आश्चर्य नाही. वजन डोळ्यांना दिसत नाही, ते मनगटाला कळते. थर्मोकोलचा मोठा ठोकळा आणि लोखंडी नट हातात घेतला की ‘मोठे ते जड’ हा समज तिथेच डळमळतो. पडद्यावर दोन्ही एकाच बोटाने, तितक्याच सहज सरकतात. आणि आपल्याकडे आणखी एक गंमत झाली आहे. भाजीवाल्याच्या गाडीवरही आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो. पारडे खाली जाताना पाहण्याची मुलांची फुकटची शिकवणीच बंद झाली!

पण म्हणून सिम्युलेशनला नावे ठेवणे बरोबर नाही. ट्रायोना आणि क्लार यांनी अमेरिकेत चौथी-पाचवीच्या मुलांना स्प्रिंगचे प्रयोग आखायला शिकवले, काहींना खऱ्या स्प्रिंग देऊन, काहींना संगणकावर. दोन्ही गट सारखेच शिकले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कळण्यासाठी स्पर्श लागत नाही. शिवाय तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन किंवा सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी हातात कशी देणार? नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत आहेत, मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. तिथेही मुलाने स्वतः बटण फिरवायला हवे. शिक्षकांनी फिरवून दाखवले तर तो पुन्हा टीव्हीच झाला.

तराजूला खर्च किती? कपड्यांचा हँगर, दोरा, दोन करवंट्या. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची अशी कितीतरी खेळणी वर्षानुवर्षे करून दाखवली. अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे. चाळीस मुलांच्या वर्गात करवंट्या वाटायच्या, सांडलेले गोळा करायचे, त्यापेक्षा टीव्ही लावणे सोपे, आणि त्यासाठी शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने २०२३मध्ये ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत. मोडले तर उत्तर द्यावे लागेल, ही धास्ती असेल तिथे असे साहित्य कपाटातच राहते. शाळा तपासणीत ‘साहित्य आहे का’ यासोबत ‘किती मोडले’ असा रकाना ठेवावा, आणि मोडलेले विनातक्रार बदलून मिळावे.