छोटे जेट, मोठी धावपट्टी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाची सड्यावरची धावपट्टी अडीच हजार मीटर लांब आहे. तिच्यावर दिवसाकाठी उतरणारी विमाने मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या दिवशीच्या विमानापेक्षा व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे यांच्यात झडलेली टोलेबाजीच जिल्ह्याच्या अधिक लक्षात राहिली, हा भाग वेगळा. ‘उडान’ योजनेच्या आधारावर अलायन्स एअरचे सत्तर आसनी विमान मुंबईहून येऊ लागले. तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, आधार सुटला आणि ती सेवा थांबली. त्याच वर्षीच्या मार्चपासून ‘फ्लाय ९१’ने बेंगळुरूची वाट उघडली. तिचे विमानही त्याच मापाचे. सत्तर आसने रोज भरतील एवढी गर्दी गणपती, मे महिना आणि नाताळ सोडला तर सिंधुदुर्गाकडे नाही, हे या अनुभवाने दाखवले. म्हणूनच चार-पाच प्रवाशांच्या अतिलहान जेट विमानांची चर्चा आपल्याला परकी मानता येणार नाही. अशा विमानाला उतरायला-उडायला हजारएक मीटरची धावपट्टी साधारणपणे पुरते. चिपीकडे त्याच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु ही विमाने कोणाच्या कामाची ठरतील हे विमानाच्या गुणांपेक्षा आकाश आणि धावपट्टी यांच्या वाटपावर ठरेल, आणि ते वाटप विमाने येण्याआधी झाले पाहिजे.

अमेरिकेने हा प्रयोग वीस वर्षांपूर्वी करून पाहिला. शतकाच्या सुरुवातीला ‘नासा’ने छोट्या विमानतळांना जोडणाऱ्या छोट्या विमानांचा कार्यक्रम हाती घेतला. दहा लाख डॉलरच्याही आत जेट विमान देऊ, असे सांगत ‘इक्लिप्स’ कंपनी पुढे आली आणि २००६ मध्ये तिच्या विमानाला परवानाही मिळाला. हीच विमाने घेऊन फ्लोरिडात ‘डेजेट’ने ऑक्टोबर २००७ मध्ये हवाई टॅक्सी सुरू केली. अख्खे विमान भाड्याने घेण्याऐवजी प्रवाशाने एक आसन घ्यायचे आणि उड्डाणाची वेळ मागणीनुसार ठरायची, अशी ती कल्पना होती. सप्टेंबर २००८ मध्ये ‘डेजेट’ बंद पडली आणि नोव्हेंबरात ‘इक्लिप्स’ने दिवाळखोरी जाहीर केली. जागतिक मंदी हे निमित्त होते. पण वर्षाला शेकडो विमाने विकली तरच परवडेल अशी किंमत लावणे, आणि परतीच्या फेरीला रिकाम्या जाणाऱ्या आसनांचा खर्च अंगावर घेणे, ही दुखणी मंदीपूर्वीचीच होती. विमानाची जात मात्र टिकली. सेस्ना कंपनीने २०१७ पर्यंत पावणेपाचशेच्या वर ‘मस्टँग’ जेट विकली. २०१६ मध्ये परवाना मिळालेले ‘सिरस’चे एक इंजिनाचे जेट तर संकटात अख्ख्या विमानासह पॅराशूटने खाली येऊ शकते. म्हणजे यंत्र यशस्वी झाले आणि सर्वसामान्यांच्या हवाई टॅक्सीचे स्वप्न फसले. आपल्याकडे कोणी ते स्वप्न पुन्हा विकायला आला, तर रिकाम्या परतीच्या फेरीचा हिशेब आधी विचारावा.

खरा प्रश्न आकाशातल्या जागेचा आहे. लहान विमान कमी जागा अडवते हा समज चुकीचा आहे. प्रत्येक विमानामागे हवेत भोवरे उठतात आणि मागचे विमान जितके हलके तितका त्याला धोका अधिक. म्हणून उतरताना एअरबस ए ३२० सारख्या विमानामागे त्याच वर्गाचे विमान तीन सागरी मैलांवर येऊ शकते, पण सात टनांपर्यंतच्या हलक्या विमानाला आंतरराष्ट्रीय निकषानुसार पाच मैल मागे राहावे लागते, आणि अवजड विमानामागे सहा. चर्चेतली बहुतेक अतिलहान जेट या हलक्या वर्गातलीच. त्यातच त्यांचा वेगही मोठ्या विमानांपेक्षा कमी. थोडक्यात, चार माणसांचे विमान धावपट्टीचा जो वेळ घेते त्यात एकशे ऐंशी माणसांचे विमान उतरून जाते, आणि कधी कधी थोडा वेळ उरतोही.

मुंबईत याची किंमत काय होते हे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने कागदावर मांडले. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमाने चाळीस ते साठ मिनिटे आकाशात घिरट्या घालत होती. तेव्हा तासाला ४६ ऐवजी ४४ हालचाली असा दंडक घातला गेला आणि खासगी विमानांवरची दैनंदिन बंदी चार तासांवरून आठ तासांवर गेली. ते योग्यच झाले. मात्र उतरण्याचे शुल्क आपल्याकडे मुख्यतः वजनावर ठरते, त्यामुळे बंदी नसलेल्या पण गर्दीच्याच तासांत सर्वांत कमी माणसे आणणाऱ्याला सर्वांत कमी पैसे पडतात. हे उलटे आहे. गर्दीच्या विमानतळावर शुल्क अडवलेल्या वेळावर बेतावे, वजनावर नव्हे. नवी मुंबईच्या विमानतळामुळे आता थोडी सवड मिळेल. ती खासगी विमानांनी गिळण्याआधी हा नियम तिथे लागू झाला पाहिजे.

मग छोट्या जेटने जायचे कुठे? जिथे धावपट्टी आहे आणि गर्दी नाही तिथे. सिंधुदुर्गाला मुंबईकडे कोकण रेल्वे आहे, जून २०२३ पासून ‘वंदे भारत’ कणकवलीला थांबते, आणि महामार्गही रखडत का होईना पुढे सरकतो आहे. उणीव आहे ती आडव्या वाटांची. मालवणहून जळगाव, नांदेड, नाशिक किंवा हुबळी गाठणे म्हणजे घाट चढून जवळपास पूर्ण दिवस घालवणे. या वाटांवर सत्तर आसने कधीच भरणार नाहीत. चार भरू शकतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या आकाशात शिरावेही लागत नाही.

पण आपले आकाशही वाटते तितके मोकळे नाही. चिपीपासून गोव्यातला मोपा विमानतळ हवाई अंतराने पन्नास किलोमीटरच्या आत आहे. त्यापलीकडे दाभोळीला नौदलाचा तळ, उत्तरेला रत्नागिरीत तटरक्षक दल, दक्षिणेला कारवारचा नौदल तळ. देशाच्या आकाशापैकी साठ टक्केच नागरी विमानांना मोकळे आहे, असे मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. छोटी विमाने वाढली तर या पट्ट्यातले मार्ग आणि उंची यांची वाटणी नौदल, विमानतळ प्राधिकरण आणि दोन्ही राज्यांनी एकत्र बसून करावी लागेल.

ही श्रीमंतांची चैन आहे, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो आकड्यांनी टिकतो. एक इंजिनाचे जेट तासाला ढोबळमानाने अडीचशे लिटर इंधन जाळते, सत्तर आसनी एटीआर आठशेच्या आसपास. दोन्ही भरलेली असतील तर जेटच्या प्रवाशामागे पाचपट इंधन जाते. म्हणून वैयक्तिक वापराच्या विमानांवर सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला ४० टक्के जीएसटी रास्तच आहे, आणि अशा विमानांना अनुदानाचा एक रुपयाही मिळू नये. पण या आक्षेपातून चिपीची धावपट्टी रिकामी ठेवावी असा निष्कर्ष निघत नाही. सार्वजनिक पैसा आणि लोकांची जमीन त्यात आधीच गेली आहे. विमानतळ सुरू ठेवण्याचा खर्च, म्हणजे अग्निशमन, सुरक्षा, हवामान नोंद आणि नियंत्रण मनोरा, एक विमान उतरले तरी तेवढाच असतो. जेटवाल्यांनी त्यातला वाटा भरला तर सत्तर आसनी सेवेवरचा भार हलका होईल. शिवाय विमानतळ अधिक तास उघडा राहिला तर त्याचा लाभ जेटमध्ये कधीच न बसणाऱ्यालाही मिळू शकतो. जिल्ह्यातला गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे धावतो, आणि २०१८ पासून तिथे बाहेरच्यांना पैसे मोजावे लागतात. रुग्णाला हवाई मार्गाने पुण्या-मुंबईला न्यायचे तर विमानाआधी उघडा विमानतळ लागतो. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेला पुढाऱ्यांसाठी जी तत्परता दिसते, ती एरवीच्या रात्रीही दिसायला हवी.

सुरक्षिततेची शंकाही गंभीर आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेले आठ जणांचे छोटे जेट मुंबईच्या धावपट्टीवरून घसरले. सुदैवाने सर्व बचावले. मुंबईसारख्या सर्व साधनांनी सज्ज विमानतळावर हे होते, तर जूनमधल्या सड्यावर काय? तिथला पाऊस आणि आडवा वारा पॅराशूटवर भरवसा ठेवून झेलायचे नसतात. यावर उपाय मात्र आपल्याच हाती आहे. ‘इस्रो’ आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या ‘गगन’ उपग्रह यंत्रणेमुळे, जमिनीवर महागडी उपकरणे न बसवताही विमानाला उतरण्याची अचूक दिशा व उंची मिळते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोचे एटीआर या यंत्रणेच्या साहाय्याने उतरले. राज्यातल्या प्रत्येक छोट्या धावपट्टीसाठी असे मार्ग आखून दिले आणि किमान दृश्यमानतेची मर्यादा भाड्याच्या विमानांना कोणत्याही सबबीशिवाय लावली, तर पावसाळ्यात काही उड्डाणे रद्द होतील, आणि ती रद्द झालीच पाहिजेत. मोठ्या असामीला घाई आहे म्हणून मर्यादा वाकवण्याची सवय छोट्या जेटच्या धंद्यात सर्वांत घातक ठरते.

चिपीची मालकी औद्योगिक विकास महामंडळाची, चालवणे खासगी कंपनीकडे, आकाश केंद्राचे. त्यामुळे वेळ वाढवा म्हटले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. राज्य सरकारने निदान एवढे जाहीर करावे की विमानतळ रोज किती ते किती उघडा राहील, रात्री रुग्णविमान उतरवायचे तर कोणाला फोन करायचा, आणि खासगी जेटला थांबायचे किती पैसे पडतील. हे ठरले नाही, तर मालवणला निघालेले जेट मोपाला उतरेल, प्रवासी तिथून दोन तास गाडीने येतील, आणि शुल्क गोव्यात जमा होईल.