जुना पार्ट हातात घ्या!

वाचकहो, मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक बांधव एक चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. आम्ही पडलो कारकून. त्यामुळे कोणाचा कागद असला की तो आधी आमच्या टेबलावर येतो. चिठ्ठीवर पेनाने एकच ओळ लिहिलेली होती : 'शाफ्ट काम, १९,५००.' गॅरेजचे नाव नाही, तारीख नाही, काय बदलले त्याचा पत्ता नाही.

बांधवांची पिकअप आहे. मार्केट यार्डातून आणि पेठांमधून माल भरायचा आणि पडेल तिथे पोचवायचा, हा त्यांचा धंदा. कात्रजचा जुना घाट चढताना मागचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर आपटला. गाडी ओढून आणावी लागली. चार दिवस गाडी गॅरेजात, आणि वर हे बिल. घरातले डोरले गहाण टाकून पैसे भरले.

आम्ही विचारले, ''बदलले काय काय?''

ते म्हणाले, ''सगळंच बदललं म्हणे.''

''मग जुने कुठे आहे?''

''ते तिथंच राहिलं, भाऊ.''

आता त्या गॅरेजवाल्याने फसवले, असे आम्ही म्हणत नाही. शाफ्ट रस्त्यावर आपटला म्हणजे त्याचा पाइप खरोखर वाकला असेल. पण फसवले नाही, असेही म्हणता येत नाही. कारण जो एकमेव पुरावा होता तो भंगारात गेला. आपला माणूस पुरावा सोडून घरी येतो आणि मग वर्षभर मनात जळत राहतो.

या शाफ्टचे काम काय ते आमच्या माता-भगिनींनीही समजून घ्यावे, कारण हप्ता शेवटी घरातूनच जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात, ओढणारी चाके मागे. पुढचा जोर मागे नेणारा लांब लोखंडी पाइप म्हणजे शाफ्ट. लांब चासीच्या गाडीत तो दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग असते. रस्त्यावर खड्डा आला की पाटे दबतात, मागची चाके वरखाली होतात, म्हणून शाफ्टला फिरता फिरता वाकता आले पाहिजे. ते वाकणे क्रॉसमुळे होते. अधिकच्या चिन्हासारखा हा छोटा पार्ट. त्याच्या चारही टोकांना टोप्या असतात आणि टोप्यांच्या आत सुईएवढे बारीक रोलर. (सोळाव्या शतकातल्या कार्दानो नावाच्या इटालियन पंडिताच्या नावाने हा सांधा जगभर ओळखला जातो. आपल्या गॅरेजात त्याला कोणी विचारत नाही.)

त्या रोलरना ग्रीस लागते. ग्रीस सुकले, पावसाचे पाणी आत गेले, की रोलर गंजतात आणि त्यांची लाल भुकटी होते. मग गाडी बोलू लागते. क्लच सोडला की खालून 'कट्ट' असा आवाज येतो. हळू चालवताना चिक-चिक ऐकू येते. ठराविक वेगाला गाडी थरथरते. आमचे बांधव कबूल करतात की आवाज दोन महिने येत होता. पण भाडे चालू होते, 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत राहिले. क्रॉस काही शे रुपयांत मिळतो. अख्खा शाफ्ट नवा घ्यायचा म्हटले की आकडा हजारांत जातो.

आणि हा पैशाचाच प्रश्न नाही. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतू शकते आणि गाडी उचलून फेकली जाऊ शकते. शिवाय चढावर शाफ्ट तुटला की गाडी गिअरमध्ये टाकून थांबत नाही, कारण गिअरचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. हॅन्डब्रेक ओढा, चाकांखाली दगड लावा, मगच खाली उतरून बघा. घाटात चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत असले पाहिजे.

आता गॅरेजात काय करायचे? गाडी सोडायच्या आधी विचारा : नुसता क्रॉस गेला आहे, सेंटर बेअरिंग गेले आहे, की शाफ्टच गेला आहे? पाइप वाकला असेल, त्यावर खोल पोचा पडला असेल, योकची भोके झिजून मोठी झाली असतील किंवा सरकत्या तोंडाचे दाते खाल्ले गेले असतील, तर शाफ्ट बदलावाच लागतो. तिथे काटकसर नको. पण त्यांतले काही झालेले नसेल आणि नुसता क्रॉस खुळखुळत असेल, तर अख्खा शाफ्ट कशासाठी? बोट ठेवून दाखवा म्हणावे. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो. खोलण्याआधी जोडावर खुणा करायला सांगा, म्हणजे शाफ्ट होता तसाच परत बसेल. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. पाइपला काम केले असेल तर बॅलन्सिंग झाले का ते विचारा. त्याचे मशीन प्रत्येक गॅरेजात नसते, बाहेरून करून आणावे लागते.

पार्ट शक्य तर स्वतः आणा. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकाने ओळीने आहेत. जुना क्रॉस फडक्यात गुंडाळून न्या, मापाला माप लावा, छापील किंमत वाचा, बिल घ्या. जुन्या बाजारातून वापरलेला शाफ्ट आणणारेही आहेत. गरिबाला ते टाळता येत नाही, पण सरळ आहे की वाकडा हे डोळ्यांनी कळत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

बिलाचे म्हणाल तर 'पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल' ही धमकी सगळीकडे ऐकू येते. वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के कर आहे. त्याआधी पुष्कळ भागांवर २८ टक्के होता. तो वाचवायला म्हणून आपण कागद सोडतो आणि कागदाबरोबर हक्कही सोडतो. ज्या छोट्या गॅरेजची नोंदणीच नाही त्याने जीएसटी लावायचा नसतो, पण बिल त्यालाही देता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

'आम्ही धंदेवाले, आम्हांला ग्राहक कोण म्हणणार?' असे बांधवांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूची मानत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले की स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच असतो. मदतीला एखादा माणूस ठेवला म्हणून त्याचा हक्क जात नाही. चार गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट निराळी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

मात्र भांडण करून गाडी ओढून आणू नका. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने कारागिराला दिलेला आहे. पैसे मान्य नसतील तर 'हरकत ठेवून रक्कम भरली' असे बिलावर लिहून, सही घेऊन गाडी सोडवावी आणि मग दाद मागावी.

गॅरेजवाल्याला शिव्या घालून आपले काम भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. गाडीखाली झोपून ग्रीसने माखलेला तो पोरगा बहुतेक आपल्यासारख्याच घरातला असतो. त्याला बिलबुक छापून घ्यायला कोणी शिकवले नाही. बोपोडीच्या एका मिस्त्रीला आम्ही दोन पानांचा नमुना करून दिला : नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, गाडी नंबर, गाडीमालकाचे नाव, पार्ट, मजुरी वेगळी, 'जुना पार्ट दिला' अशी एक ओळ, आणि खाली सही. आता त्याच्याकडची गिऱ्हाइके वाढली असे तोच सांगतो.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी नड तिथेच आहे. बांधवांनी डोरल्यावर १५,००० उचलले, शेकडा पाच दरमहा. म्हणजे महिन्याला ७५० आणि वर्षाला ९,००० नुसते व्याज, मुद्दल तसेच. त्यात चार दिवस गाडी उभी होती. डिझेल वजा जाता रोजचे ९०० धरले तर ३,६०० आणखी बुडाले. म्हणजे १९,५०० चा शाफ्ट वर्षाअखेर ३२,१०० ला पडतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तेच सोने बँकेत ठेवले असते तर व्याज किती तरी कमी पडले असते. पण बँकेत अर्धा दिवस जातो आणि सावकार रात्री दहालाही दार उघडतो. आपल्या माणसाला तो का जवळचा वाटतो ते आम्हांला कळते. म्हणूनच नुसता उपदेश करून चालत नाही.

ताडीवाला रोडच्या सहा गाडीवाल्यांना आम्ही एकत्र बसवले. प्रत्येकी महिना ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. खाते तिघांच्या सहीचे, त्यांतल्या दोघी घरच्या बायका. वही त्याच ठेवतात, कारण गाडीवाल्याला आजची उधारी उद्या आठवत नाही. नियम दोनच केले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहाही गाड्यांचे क्रॉस हलवून बघायचे आणि ग्रीस मारायचे. (काही नव्या क्रॉसना ग्रीस निपल नसते, ते फक्त तपासायचे.) आणि बिल व जुना पार्ट दोन्ही समोर ठेवल्याशिवाय वहीतून पैसा द्यायचा नाही. पहिली उचल ४,२०० रुपयांची झाली, क्लच प्लेटसाठी. जुनी प्लेट सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली, झिजली होती, पैसे दिले. कोणाला अशी वही सुरू करायची असेल तर रविवारी सकाळी विहारात यावे, वही आणि बिलाचा नमुना दोन्ही पाहायला मिळतील.