ताशी पाचशेचा उस्ताद परवडतो का?

व्यापारी माणूस तागा घेताना दहा वेळा उलटून पाहतो, काठ तपासतो, मीटर मोजतो. शरीरासाठी पैसे मोजायची वेळ आली की मात्र तो एकतर डोळे मिटून देतो, नाहीतर अजिबात देत नाही. मी दोन्ही केले आहे. म्हणून हा हिशेब व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडत आहे.

मालेगावात सूत आणि ग्रे कापडाच्या पेढीवर मी तीस वर्षे बसून आहे. ‘बसून’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. सकाळी दहाला टेकायचे, चहा, दलाल, फोन, पुन्हा चहा. उठायचे ते नमाजला आणि जेवायला. दोन वर्षांपूर्वी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी केली. आकडा 7.8 आला. 6.5 आणि त्यापुढे मधुमेह धरतात. डॉक्टरसाहेबांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, गोळी एकटी काही करणार नाही, अंग हलवा.

झाले. मी उत्साहाच्या भरात एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरून टाकली, कारण ‘वर्षाचे भरल्यास निम्मी सूट’ होती. चौथ्या महिन्यात तेथे कुलूप दिसले. वर्षभराच्या मालाचे पैसे आगाऊ देणारा व्यापारी बाजारात शोधून सापडणार नाही, आणि मी मात्र दिले! पैसे गेले ते गेलेच. खरे सांगायचे तर त्या चार महिन्यांतही मी मोजून नऊ दिवस गेलो होतो.

दुसऱ्या जिममध्ये एका तरुण ट्रेनरने भाव सांगितला : महिन्याला बारा दिवस, रोज एक तास, सहा हजार रुपये. जिमची फी हजार, ती वेगळी. म्हणजे त्या मुलाचे ताशी पाचशे. माझ्या ओळखीचा कारागीर यंत्रमागावर बारा तास उभा राहतो आणि मीटरवर मजुरी घेतो. त्याला दिवसभरात काय पडते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे हा आकडा घशाखाली उतरेना. घरी सांगितले तर बेगम म्हणाल्या, “चालायला पण मास्तर लागतो का?”

प्रश्न बरोबर होता. चालायला मास्तर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे, दम थोडा लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. फजरनंतर रस्ता मोकळा असतो, तो फुकट आहे. पण त्याच शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितला आहे. येथे मास्तरची गरज सुरू होते. पन्नाशीनंतर वाकडी कंबर करून वजन उचलले तर साखर उतरायच्या आधी मणका बसेल.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आमच्यासाठी तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांची जागा. शब्द एकच आहे, आणि मला वाटते मराठीने त्याचा मर्म बरोबर पकडला. उस्तादाकडे माणूस शिकायला जातो. शिकला की आपले आपण करतो. ट्रेनरलाही याच हिशेबाने पैसे द्यावेत. शिकायला तीन महिने पुष्कळ. त्यापुढे तोच तुमच्या शेजारी उभा राहून ‘आठ, नऊ, दहा’ मोजत असेल, तर ताशी पाचशे मोजणीचे जात आहेत.

मी घासाघीस केली, पाच हजारांवर सौदा ठरला. दर महिन्याचे पैसे त्या महिन्यात, आगाऊ नाही. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, “चाचा, कोणती गोळी चालू आहे?” तेव्हा वाटले, मुलगा कामाचा आहे. साखरेच्या काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर उपाशीपोटी जोराचा व्यायाम केला तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, चक्कर येते. जो ट्रेनर औषध विचारत नाही आणि पहिल्या आठवड्यात पावडरचा डबा पुढे करतो, त्याच्यापासून दूर राहावे. डब्यात त्याचे कमिशन असते. इंजेक्शनची गोष्ट काढणाऱ्याला तर दारातूनच सलाम करावा. आणि जुने दुखणे असेल तर ट्रेनरकडे जाऊच नये. बेगमचा गुडघा आम्ही फिजिओथेरपिस्टला दाखवला, थोड्या दिवसांत घरी करायचे व्यायाम शिकून त्या मोकळ्या झाल्या.

बिलाचेही पाहावे. जिमच्या सेवेवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. जुन्या दराने कोणी लावत असेल तर विचारावे. आणि हा खर्च पेढीच्या वहीत लिहू नये. तो घरखर्च आहे, आयकरात त्याची वजावट मिळत नाही.

तीन महिन्यांचे पंधरा हजार गेले. सहा महिन्यांनी आकडा 6.9 आला. त्यात गोळीचा वाटा किती, रात्रीचा भात सोडल्याचा किती आणि ट्रेनरचा किती, ही वाटणी मला करता येणार नाही. एवढे खरे की पैसे दिलेले होते म्हणून मी बारापैकी अकरा दिवस गेलो.

कारागीर बंधू म्हणतील, आम्ही दिवसभर उभे असतो, आम्हाला काय गरज? एकाच अंगावर, एकाच हातावर बारा तास पडणारा ताण शरीर झिजवतो, बळकट करत नाही. पण त्यांनी एकट्याने सहा हजार देणे मुळीच परवडणारे नाही आणि देऊही नयेत. चौघांनी मिळून एक तास घ्यावा. शुक्रवारी साचे बंद असतात, तो दिवस सोयीचा.

ट्रेनर सोडल्यावर मी दोन महिने नीट चाललो. मग लग्नसराई आली आणि घसरलो. आता शेजारचे दोन व्यापारी आणि मी, असे तिघे मिळून महिन्यातून चार तास त्याच मुलाला बोलावणार आहोत. तो तासाला सातशे म्हणतो, आम्ही सहाशेवर अडलो आहोत.